बलूची पाटी : अक्षर फुकट, मग पैसे कशाचे?

माझ्या मामेबहिणीने घरगुती फराळाचं दुकान काढायचं ठरवलं, तेव्हा खर्चाच्या वहीत पाटीसाठी एकच ओळ होती : फ्लेक्स, पाचशे रुपये. भट्टी, फ्रीज, डबे, अनामत रक्कम यांचा हिशेब तिने महिनाभर केला होता. पाटीचा मात्र पाच मिनिटांत. दुकानाचं नाव ‘कऱ्हाडी फराळ’. छापून आलेल्या फ्लेक्सवर ‘कऱ्हाडी’तला ‘ऱ्ह’ फुटला होता. र वेगळा, त्याच्या पायाशी लोंबणारा हलन्त आणि शेजारी सुटा ह. “ताई, हे असंच असतं का?” असं तिने फोटो पाठवून विचारलं. असं नसतं. तो फ्लेक्स टाकून दुसरा करावा लागला, आणि तोही घाईत केल्यामुळे वर्षभरात उतरवावा लागला. पुढे कायमची पाटी करताना आम्ही दोघींनी जो शोध घेतला, त्यातून हे टिपण तयार झालं. छोटं दुकान, क्लास, दवाखाना, घरगुती उद्योग यांपैकी काहीही सुरू करत असाल आणि नावाला गोलसर, मोकळं, आपलंसं वाटणारं अक्षर हवं असेल, तर कुठे एक पैसाही देऊ नये आणि कुठे हात आखडता घेऊ नये, एवढंच यात आहे.

आम्ही निवडलेलं अक्षर म्हणजे ‘बलू’. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाने केलेला हा फॉन्ट. देवनागरी आराखडा सारंग कुलकर्णी यांचा. नाव ‘जंगल बुक’मधल्या अस्वलावरून आलेलं आहे आणि अक्षराकडे पाहिलं की ते पटतं. कडा गोल, अंग भरलेलं, चालण्यात किंचित डुलणं. या कुटुंबात देवनागरीसह नऊ भारतीय लिप्या आहेत, शिवाय उर्दू आहे, आणि प्रत्येक लिपीच्या फॉन्टला त्या भाषेतला भाऊ जोडलेला आहे. गुजराती तो ‘बलू भाई’, बंगाली ‘बलू दा’, पंजाबी ‘बलू पाजी’, तमिळ ‘बलू तंबी’, मल्याळम ‘बलू चेट्टन’. देवनागरीचा मात्र नुसता बलू. पहिल्या आवृत्तीत एकच जाडी होती. पुढच्या ‘बलू २’मध्ये रेग्युलर, मीडियम, सेमीबोल्ड, बोल्ड आणि एक्स्ट्राबोल्ड अशा पाच जाड्या आल्या आणि त्यामुळे हा फॉन्ट खऱ्या अर्थाने कामाचा झाला. पाटी एका जाडीत, दरपत्रक दुसऱ्या, डब्यावरचं लेबल तिसऱ्या. सगळीकडे हात तोच.

गोल कडांचं अक्षर ही केवळ गोंडसपणाची हौस नाही. फोक्सवॅगनने १९७९ मध्ये आपल्या विक्रेत्यांच्या पाट्या एकसारख्या दिसाव्यात म्हणून ‘व्हॅग राउंडेड’ करून घेतला. पुढे अनेक वर्षं ॲपलच्या कीबोर्डवर तीच अक्षरं होती. मोटारीच्या शोरूमलाही चाललं आणि बोटाखालच्या कळीलाही. जपानी रस्त्यांवरच्या फलकांवर गोल कडांची अक्षरं सर्रास दिसतात. लांबून वाचता येणं, कापायला सोपं जाणं आणि डोळ्याला न टोचणं, हे तिन्ही गुण गोल कडेत एकत्र येतात. देवनागरीत हा मेळ साधणं अवघड आहे. वर शिरोरेषा, खाली उकार, मध्ये गाठी आणि जोडाक्षरं, एवढ्या गर्दीत कडा गोल केल्या की अक्षराचा लगदा होण्याची भीती असते. बलूत तसं होत नाही. जाड असूनही त्याच्या अक्षरांच्या पोटातली पांढरी जागा मोकळी राहते. हे पाहिल्यापासून माझा या फॉन्टवर जीव आहे.

परवाना : शून्य रुपये

बलू २ गूगल फॉन्ट्सवरून उतरवून घेता येतो. तो ‘ओपन फॉन्ट लायसन्स’खाली आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा : दुकानाच्या पाटीवर, विकायच्या डब्यावर, टी-शर्टवर, जाहिरातीत, वेबसाइटवर, ॲपमध्ये, बोधचिन्हात तो वापरायला पैसे पडत नाहीत आणि परवानगीही लागत नाही. किती संगणकांवर टाकला याचा हिशेब नाही. फाइल प्रिंटरवाल्याला देता येते. त्यात बदल करून नवा फॉन्टही बनवता येतो, फक्त तोही याच परवान्याखाली ठेवावा लागतो. मनाई एकच लक्षात ठेवायची : फॉन्टची फाइल नुसती, एकटी विकायची नाही. म्हणून कुणी कोटेशनमध्ये ‘बलू फॉन्ट चार्जेस’ अशी ओळ टाकली तर ती शांतपणे खोडायला सांगा.

विकतच्या फॉन्टचं गणित याच्या अगदी उलट असतं. ‘गॉथम राउंडेड’ किंवा ‘डिन राउंड’सारखी नावाजलेली इंग्रजी कुटुंबं घ्यायची तर संगणकावर वापरायचा परवाना वेगळा, वेबसाइटचा वेगळा, ॲपचा वेगळा असतो. संगणकाचा परवाना किती जण वापरणार यावर, वेबचा बहुधा महिन्याला किती पानं पाहिली जातात यावर ठरतो. प्रत्येक जाडीचे पैसे वेगळे लागू शकतात. आणि एवढं करून या दोघांत देवनागरी नाहीच. मराठी पाटीला दुसरा फॉन्ट शोधावा लागणार आणि दोघांचा सूर जुळवत बसावं लागणार. बलूत इंग्रजी आणि मराठी एकाच हाताची आहेत, ही मोठी बचत आहे.

धोका खरा असतो तो मधल्या प्रकारात. ‘फ्री डाउनलोड’ असं लिहिलेले कितीतरी फॉन्ट फक्त खासगी वापरासाठी फुकट असतात. लग्नपत्रिका घरच्या घरी केली तर चालेल, दुकानाची पाटी केली तर नाही. फॉन्टची फाइल हा संगणकाचा प्रोग्रॅम मानला जातो आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं संरक्षण प्रोग्रॅमला आहे. म्हणून कुणीही फॉन्ट सुचवला की त्याच्या फोल्डरमध्ये परवान्याची फाइल आहे का ते पाहा. बलूसोबत ती येतेच. ॲडोबीच्या वर्गणीत मिळणारे फॉन्ट वर्गणी चालू असेपर्यंतच आपल्या संगणकावर राहतात, आणि त्यांची फाइल प्रिंटरवाल्याला देता येत नाही. तयार पीडीएफ देता येते.

कायदा आणि अक्षराचा आकार

महाराष्ट्रात पाटी करताना आणखी एक गोष्ट हिशेबात धरायला हवी. दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ साली सुधारणा झाल्यापासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक आहे, आणि देवनागरी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पाळायला दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा अनेकांनी घाईघाईने इंग्रजी पाटीच्या कोपऱ्यात मराठी नाव चिकटवलं. ते पैसे दोनदा गेले. पाटी करायचीच आहे तर मराठी नाव आधी मांडा आणि इंग्रजी त्याच्या सोयीने बसवा. संगणकावर दोन्हींचा आकडा सारखा ठेवला म्हणजे उंची सारखी झाली, असं समजू नका. इंग्रजी मोठी लिपी आणि देवनागरी शेजारी ठेवली की शिरोरेषेखालचं आपलं अक्षर अनेकदा ठेंगणं पडतं. पट्टीने मोजा आणि देवनागरी वाढवून घ्या.

डिझायनरला पैसे कशाचे?

फॉन्ट फुकट, नाव टाइप करायला दोन मिनिटं. मग डिझायनर हवा कशाला, असं बहिणीने विचारलं. प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर त्या फुटलेल्या ‘ऱ्ह’मध्ये होतं. आपल्याकडच्या छपाईच्या दुकानांत कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्त्या आणि युनिकोडपूर्व काळातले फॉन्ट अजून रोज वापरात आहेत. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी कळांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. बलू युनिकोडचा आहे. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तो टाकला तर वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, रफार हरवतो, जोडाक्षरं सुटी होतात. फोटोशॉपमध्येही मजकुराची सेटिंग भारतीय लिप्यांना चालणारी, म्हणजे ‘वर्ल्ड-रेडी’ लागते. फॉन्ट वाईट नसतो. त्याला उभं राहायला जमीन नसते.

म्हणून डिझायनर ठरवण्याआधी त्याला दहा शब्द टाइप करून दाखवायला सांगा : कऱ्हाड, वाऱ्यावर, शाळा, लाल, श्रीखंड, ॲप, कॅफे, ब्राह्मण, उद्धव, विठ्ठल. ‘ऱ्य’चा कोयता नीट येतो का, ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत की हिंदी, हे बघा. ही वळणं काही फॉन्टमध्ये भाषा ‘मराठी’ निवडल्यावरच येतात. या परीक्षेला एक रुपयाही लागत नाही आणि पुढचे हजारो वाचतात.

फी ठरवताना ‘लोगोचे किती?’ असं विचारू नका. काय काय मिळणार ते विचारा. दोन पर्याय, दोन वेळा दुरुस्ती, पाटीचं प्रत्यक्ष मापातलं आरेखन, लेबलचा नमुना आणि शेवटी मोकळ्या फाइली. मोकळ्या म्हणजे कितीही मोठं केलं तरी न फुटणाऱ्या : पीडीएफ आणि एसव्हीजी. त्यांच्या दोन प्रती घ्या, एक टाइप बदलता येईल अशी आणि एक ‘कर्व्ह’ केलेली. कर्व्ह केलेल्या फाइलमध्ये अक्षरं चित्र होऊन बसतात, त्यामुळे समोरच्याकडे फॉन्ट असो वा नसो, फुटत नाहीत. प्रिंटरवाल्याला नेहमी हीच द्यायची. बहिणीचा पहिला फ्लेक्स या एका पायरीवर वाचला असता.

हक्कांचं लेखी घ्या. कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीचंच लागतं. त्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. ‘सर्व हक्क, कायमस्वरूपी, जगभर’ एवढे चार शब्द ईमेलमध्ये नव्हे, सही केलेल्या कागदावर हवेत. बिलात १८ टक्के जीएसटी दिसला तर डिझायनरचा नोंदणी क्रमांक बघा. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असणाऱ्याला सर्वसाधारणपणे नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसलेल्याने जीएसटी लावायचा नाही.

डिझायनरचे पैसे वाचवायचे असतील तर नाव, पत्ता, फोन, घोषवाक्य, शुद्धलेखन सगळं पक्कं करून जा. दर दुरुस्तीला वेळ लागतो आणि तो वेळच तुम्ही विकत घेत असता. अंतर साधणं हे मात्र त्याच्यावर सोडा. दोन शब्दांत किती जागा, वेलांटीच्या वर किती श्वास, मराठीखाली इंग्रजी किती दूर. बलूचं वरखालचं अंगभूत अंतर मोठं आहे. दोन ओळी जशाच्या तशा टाकल्या तर मध्ये खिडकी पडल्यासारखं दिसतं, आणि वेबसाइटच्या बटणात अक्षर मधोमध बसत नाही. हे हाताने आवळावं लागतं.

पाटी बनवताना

खरा पैसा इथे जातो. गावागणिक, मालागणिक दर बदलतात, म्हणून खाली रुपये धरलेत ते हिशेबाची रीत दाखवायला. तुमच्या गावचा दर घालून तोच हिशेब करा.

फ्लेक्सचा भाव चौरस फुटावर असतो. दहा फूट बाय तीन फूट म्हणजे तीस चौरस फूट. १५ रुपये धरले तर छपाई ४५० रुपये. लोखंडी चौकट, वाहतूक, बसवणं वेगळं, आणि ते छपाईपेक्षा जास्त होतं. उन्हात लाल आणि पिवळा रंग आधी उडतो. दर वर्षी बदलायची तयारी असेल, किंवा दुकान चालतंय का ते सहा महिने पाहायचं असेल, तरच फ्लेक्स करा.

कायमची पाटी म्हणजे मागे एसीपीचा (ॲल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेलचा) पत्रा आणि वर उठावाची ॲक्रिलिक अक्षरं. यांचा भाव बऱ्याच ठिकाणी ‘अक्षरामागे, उंचीच्या इंचामागे’ सांगतात. इंग्रजीत हे सरळ आहे. देवनागरीत इथेच घोळ होतो, आणि कोटेशनांतला फरक बहुतेक यातूनच येतो. ‘कऱ्हाडी फराळ’ घ्या. क, ऱ्हा, डी, फ, रा, ळ अशी सहा अक्षरं. उंची १२ इंच आणि दर ६० रुपये धरला तर ६ × १२ × ६० म्हणजे ४,३२० रुपये. पण १२ इंच कुठून कुठे? शिरोरेषेपासून पायापर्यंत की डीच्या वेलांटीच्या टोकापासून? वेलांटीसह उंची १६ इंच धरली तर तीच पाटी ५,७६० रुपयांची होते. आणि ‘ऱ्हा’ची दोन अक्षरं मोजली तर ७ × १६ × ६० म्हणजे ६,७२० रुपये. पाटी तीच, दर तोच. म्हणून कोटेशनवर लिहून घ्या : अक्षरं किती मोजली आणि उंची कुठून धरली. त्याहून बरं म्हणजे पूर्ण पाटीची एकच ठोक रक्कम मागा. शिरोरेषेमुळे अख्खा शब्द बहुधा एकाच तुकड्यात कापला जातो, तेव्हा अक्षरं मोजण्याला तसाही फारसा अर्थ उरत नाही.

आता बलूचा खरा फायदा. राउटरने ॲक्रिलिक किंवा जाड शीट कापताना फिरणारं पातं गोल असतं, त्यामुळे आतला कोपरा टोकदार निघूच शकत नाही. टोकदार फॉन्ट दिला तर तो कोपरा कारागिराला कानसीने काढावा लागतो, नाहीतर ओबडधोबड गोल राहतो. बलूला तो गोल हवाच असतो. शिवाय ॲक्रिलिकला तडा जातो तो बहुतेक टोकदार कोपऱ्यापासून. गोल कोपऱ्यात ताण पसरतो. आतून दिवे लावायचे असतील तर एलईडीची पट्टी बसण्याएवढी दांडी रुंद लागते. बोल्ड आणि एक्स्ट्राबोल्डमध्ये ती मिळते, रेग्युलरमध्ये बारीक पडते. बारीक दांडीत दिवे ठिपक्यांसारखे उठून दिसतात. स्टीलच्या पोकळ अक्षरांत मात्र कडेची पट्टी प्रत्येक गोलाईवर वळवावी लागते. तिथे मजुरी जास्त सांगितली तर ते रास्त आहे.

सुट्या भागांकडे लक्ष द्या. अनुस्वार, नुक्ता, चंद्रकोरीवरचा ठिपका हे शिरोरेषेला जोडलेले नसतात, त्यांना स्वतःचे स्क्रू किंवा खुंट्या लागतात. नुसते चिकटवले तर पहिल्या पावसाळ्यात पडतात. आमच्या गल्लीत ‘आनद’ झालेलं एक दुकान मी रोज बघते. अनुस्वाराला दोन खुंट्या, असं कामाच्या कागदावर लिहून घ्या.

डबा, लेबल, वेबसाइट

लेबलवर पदार्थाचं नाव बलूच्या एक्स्ट्राबोल्डमध्ये छान दिसतं. घटक, वजन, तारीख, पत्ता अशी बारीक माहिती मात्र त्यात देऊ नका. छोट्या आकारात शाई पसरते आणि गोल, भरलेल्या अक्षरांची पोटं बुजतात. त्यासाठी ‘मुक्ता’ घ्या. तोही एक टाइपचा, तोही फुकट, सात जाड्यांचा आणि बारीक मजकुरात नितळ. याच गटाचा ‘मोदक’ बलूपेक्षाही गुबगुबीत आहे. इतका की आतल्या रेषा केसासारख्या उरतात. मोठ्या बॅनरवर तो लोभस दिसतो, डब्याच्या झाकणावर वाचता येत नाही. लांब मजकूर, कायदेशीर कागद, शोकसंदेश या ठिकाणीही बलू नको. त्याचा स्वभाव हसरा आहे.

गूगल फॉन्ट्सवरून झिप उतरवली की त्यात सगळ्या जाड्या सामावणारी एक ‘व्हेरिएबल’ फाइल असते आणि ‘स्टॅटिक’ नावाचं फोल्डर असतं. छपाईसाठी स्टॅटिकमधल्या फाइली वापरा. व्हेरिएबल फाइल जुन्या सॉफ्टवेअरला कळत नाही आणि सगळं एकाच जाडीत छापून येतं. वेबसाइटसाठी व्हेरिएबल सोयीची.

बोधचिन्हाची नोंदणी करायची असेल तर व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जाला एका वर्गासाठी ४,५०० रुपये सरकारी शुल्क आहे, इतरांना ९,०००. वकिलाची फी वेगळी. फुकट फॉन्टमध्ये लिहिलेल्या नावाचीही नोंदणी करता येते, पण संरक्षण तुमच्या नावाला आणि चिन्हाला मिळतं, बलूच्या अक्षरांना नाही. शेजारचा दुकानदारही उद्या आपली पाटी बलूत करू शकतो. त्यात अडचण वाटत असेल तर डिझायनरकडून दोन-तीन अक्षरं हाताने बदलून घ्या. बहिणीने ‘ळ’च्या पोटात करंजीची कड काढून घेतली. त्याचे जे पैसे पडले ते तिला सगळ्या खर्चात सर्वांत पटले.

पाटी बसवायच्या दिवशी उरलेली रक्कम हातात ठेवा. संध्याकाळी दिवे लागल्यावर रस्त्याच्या पलीकडे उभं राहून पाहा. मोबाइलवर फोटो काढा. कुठे दिवा कमी पडतोय ते फोटोत लगेच दिसतं. वेलांट्या, काने, अनुस्वार एकेक मोजा. मग पैसे द्या, आणि कर्व्ह केलेली फाइल, फॉन्टचं नाव, जाडी, रंगांचे क्रमांक एका कागदावर लिहून तो दुकानाच्या परवान्यासोबत फाइलला लावा. दोन वर्षांनी ‘डी’ची वेलांटी बदलायची वेळ येईल तेव्हा तेवढीच कापून मिळेल.